पदवीनंतर चित्रपटाचे शिक्षण: मुंबईत मिळालेला प्रवेश घ्यावा की पुण्या-कोलकात्याच्या परीक्षेसाठी थांबावे?

द्राक्षबाग (धागाकर्ती)

नमस्कार. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घर दिंडोरी तालुक्यात, द्राक्षाची बाग आहे. मला चित्रपट दिग्दर्शन शिकायचे आहे आणि येत्या पंधरा दिवसांत एक निर्णय घ्यायचा आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही तिघांनी मिळून अकरा मिनिटांचा एक लघुपट केला. गोदावरीला पूर आला की नाशिककर पाणी किती फूट चढले असे विचारत नाहीत, नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आले असे विचारतात. पाणी गुडघ्याला आहे की छातीला, हे बघायला वर्षानुवर्षे नेमाने जाणाऱ्या भांडी बाजारातील एका आजोबांवर तो लघुपट आहे. दृश्ये उसन्या कॅमेऱ्याने बरी आली. आवाज मात्र पहिल्या दिवशी पूर्ण वाया गेला, कारण रामकुंडावर वारा सरळ माइकमध्ये शिरत होता आणि आजोबांच्या बोलण्यावर भोंग्यावरची आरती चढली होती. मग मी पहाटे साडेचारला पुन्हा जाऊन नुसते पाणी ध्वनिमुद्रित केले, पायऱ्यांवर आपटणारे वेगळे आणि पुलाखालून जाणारे वेगळे. आजोबांचे बोलणे त्यांच्या दुकानामागच्या खोलीत पुन्हा घेतले. तिथे पितळेची भांडी घुमत होती, म्हणून त्यांवर आणि भिंतींवर चादरी टाकल्या.

आता प्रश्न असा आहे. मुंबईतील एका खाजगी संस्थेत दिग्दर्शनाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला आहे आणि पहिला हप्ता पंधरा दिवसांत भरायचा आहे. दुसरा मार्ग म्हणजे एक वर्ष थांबून पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आणि कोलकात्याची सत्यजित राय इन्स्टिट्यूट यांच्या प्रवेशपरीक्षांची तयारी करणे. तिसरा मार्ग म्हणजे पुण्यातच संज्ञापन (मास कम्युनिकेशन) विषयात एम.ए. करून कडेने लघुपट करत राहणे. वडील नाही म्हणत नाहीत. ते एवढेच म्हणाले की एवढे पैसे एकदाच उभे करता येतील, तेव्हा कुठे घालायचे ते तू नीट बघून सांग. ही फी आमच्या बागेच्या एका चांगल्या हंगामाच्या उत्पन्नाहून जास्त आहे. ज्यांनी हे शिक्षण घेतले आहे किंवा मुलांना दिले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

एक पालक, इंदिरानगर

ताई, माझा मुलगा अशाच एका खाजगी संस्थेतून तीन वर्षांपूर्वी बाहेर पडला. संस्थेचे नाव घेत नाही, कारण आमचा अनुभव एका तुकडीचा आहे आणि त्यानंतर तिथे बदल झालेही असतील.

प्रवेशाच्या आधी आम्हाला संस्था फिरवून दाखवली. स्टुडिओ, कॅमेरे, संकलनाच्या खोल्या, थंडगार प्रेक्षागृह असे सगळे पाहून माझ्यासारखा बँकेत आयुष्य घालवलेला माणूस भारावून गेला. तो कॅमेरा एका विद्यार्थ्याच्या हातात एका सत्रात किती दिवस येतो, हे विचारायचे मला सुचले नाही. तुकडी मोठी होती, त्यामुळे पाळी येईपर्यंत महिने जात. शेवटच्या वर्षाचा लघुपट ज्याचा त्याने स्वतःच्या खर्चाने करायचा, हे आम्हाला दुसऱ्या वर्षी कळले. कलाकारांचे मानधन, जेवण, गाड्या, जागेचे भाडे यांपैकी काहीच फीमध्ये धरलेले नव्हते. माझ्या मुलाचा लघुपट त्याच्या आत्याच्या घरात चित्रित झाला आणि युनिटचा स्वयंपाक त्याच्या आईने केला.

तरीही सगळेच पैसे पाण्यात गेले असे मी म्हणणार नाही. तिथल्या एका शिक्षकांनी त्याला स्वतःच्या मालिकेवर सहायक म्हणून घेतले आणि मुंबईत पाय ठेवायला जागा मिळाली. त्या ओळखीसाठी एवढी किंमत मोजावी का, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही.

हप्ता भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागून घ्या. दोन वर्षांत प्रत्येक विद्यार्थी स्वतः किती लघुपट दिग्दर्शित करतो आणि त्यांची एकूण मिनिटे किती होतात, त्यांचा खर्च कोण करतो, त्यावर हक्क कोणाचा राहतो आणि महोत्सवाला पाठवायचा तर परवानगी कोणाची लागते, हे विचारा. आणखी एक अत्यंत महत्त्वाचे: अनेक खाजगी संस्था स्वतः पदवी देत नाहीत, कुठल्यातरी विद्यापीठाशी जोडून देतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या किंवा अभिमत (डीम्ड) विद्यापीठाला, नाहीतर संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे, संस्थेच्या नावात काहीही असो. शैक्षणिक कर्जाच्या वेळी बँक नेमके हेच विचारते. मी स्वतः टेबलाच्या त्या बाजूला बसलेलो आहे.

लग्नाचा कॅमेरा

मी गेली बारा वर्षे नाशिक आणि आसपास लग्नांचे चित्रीकरण करतो आणि माझे मत थोडे वेगळे आहे. ज्या पैशांत दोन वर्षांची फी जाते, त्याच्या एका हिश्श्यात चांगला कॅमेरा, दोन लेन्स, दिवे आणि लॅपटॉप येतो. संकलन, रंगसंगती वगैरे आज घरबसल्या शिकता येते. आपण दादासाहेब फाळक्यांच्या गावचे लोक आहोत. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, तिथे जाऊन विचार करा, ते कोणत्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेले होते?

रंगपेटी

फाळक्यांचे नाव या वादात नेहमी येते आणि नेहमी चुकीच्या बाजूने येते. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेला हा माणूस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, मग बडोद्याच्या कलाभवनात शिकला. छायाचित्रण, शिलामुद्रण, ठसे बनवणे, रंगभूमीचे देखावे हे सारे त्यांनी चाळिशीच्या आत हातांखालून घातले होते. चित्रपट करायचा म्हटल्यावर १९१२ मध्ये कर्ज काढून लंडनला गेले, तिथे जाणत्या माणसाकडून काम समजून घेतले, कॅमेरा विकत आणला आणि आधी कुंडीतल्या रोपाची वाढ चित्रित करून हात साफ केला. मे १९१३ मध्ये त्यांचा पहिला कथापट लोकांपुढे आला तो या सगळ्यानंतर. तेव्हा देशात चित्रपटाची शाळा नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक जमवली.

आता मुलीला. वयाने बराच मोठा आहे, म्हणून अगं-तुगं करतो. मी कालिदास कलामंदिरात आणि परशुराम साईखेडकर नाट्यगृहात तीस वर्षे नाटकांना प्रकाश दिला आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने दरवर्षी नवी मुले येतात, त्यांतील दहापैकी नऊ जणांना दिग्दर्शकच व्हायचे असते. त्यांतल्या बहुतेकांना नटाशी कसे बोलावे हे ठाऊक नसते. तू कधी नटांबरोबर काम केले आहेस का? तुझ्या लघुपटातले आजोबा खरे आजोबा आहेत, त्यांना काही करायला सांगावे लागले नसेल. कोणतीही संस्था निवड, पण त्याआधी एक हंगाम एखाद्या हौशी संघाच्या तालमीला नुसती बसून ये. त्याला फी लागत नाही, फक्त चहाचे पैसे सगळ्यांत धाकट्याने द्यायचे असतात.

तुझ्या तिसऱ्या मार्गाला कमी लेखू नकोस. नागराज मंजुळे यांनी पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. केले आणि मग तेव्हाच्या अहमदनगरला न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचा अभ्यासक्रम केला. त्या अभ्यासक्रमातच केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जिल्ह्याच्या गावचे महाविद्यालय होते ते.

वर्गातून

मी माध्यमशिक्षणाच्या क्षेत्रात अध्यापन करते. धागाकर्तीने ज्या संस्थांची नावे घेतली आहेत त्यांच्या स्वरूपाविषयी थोडे लिहिते, कारण या चर्चेत सगळ्यांना एकाच पारड्यात टाकले जात आहे.

पुण्याची संस्था १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. तिथे दोन शाखा आहेत. फिल्म शाखेत दिग्दर्शन व पटकथालेखन, छायालेखन, संकलन, ध्वनी आणि कलादिग्दर्शन असे तीन वर्षांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालत आले आहेत, तर टेलिव्हिजन शाखेत दिग्दर्शन, छायालेखन, संकलन आणि ध्वनी यांचे एकेक वर्षाचे. अनेकांना ही एक वर्षाची शाखा दुय्यम वाटते. २०२४ मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात विद्यार्थ्यांच्या लघुपटांच्या स्पर्धेत पहिला पुरस्कार चिदानंद नाईक यांना मिळाला, तो याच एक वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या अखेरीस चार दिवसांत चित्रित केलेल्या कन्नड लघुपटाला. ते शिक्षणाने डॉक्टर आहेत. त्याच वर्षी कानचा ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळवणाऱ्या पायल कपाडिया पुण्याच्याच माजी विद्यार्थिनी आहेत.

कोलकात्याची संस्था १९९५ची. तिथे वरील बहुतेक विषयांखेरीज ॲनिमेशन आणि निर्मितीव्यवस्थापन हेही स्वतंत्र विषय आहेत. दोन्ही संस्था केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या आहेत आणि २०२५ मध्ये दोघींना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे पूर्वीचा ‘ही नुसती पदविका आहे’ हा आक्षेप आता उरलेला नाही. माहितीपटाची ओढ असेल तर दिल्लीच्या जामिया मिलिया विद्यापीठातील १९८२ पासूनच्या संज्ञापन केंद्राचाही विचार अवश्य करावा. आजोबांवरचा लघुपट करणारीने तर नक्कीच.

एम.ए.बद्दल मात्र सावध करते. संज्ञापनाच्या एम.ए.मध्ये पत्रकारिता, जाहिरात, जनसंपर्क, सिद्धांत असे बरेच काही असते आणि चित्रपट हा त्यातला एक भाग असतो. मंजुळे तिथून घडले हे खरे, पण ते मराठी साहित्य वाचून आणि कविता लिहून मग तिथे गेले होते. दुसरीकडे एम.ए.ला असताना पुण्यात राहणे ही स्वतंत्र जमेची बाजू आहे. लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे पडद्यावर जुने चित्रपट पाहता येतात, आणि फिल्म इन्स्टिट्यूट व संग्रहालय मिळून उन्हाळ्यात चित्रपट रसास्वादाचा जो वर्ग घेतात तो प्रवेशपरीक्षेच्या कोणत्याही शिकवणीपेक्षा अधिक उपयोगाचा आहे.

जागा फार थोड्या असतात, एकेका विषयाला हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. लेखी परीक्षा, मग पुढचा टप्पा आणि मुलाखत. एक वर्ष थांबून प्रवेश मिळेलच असे गृहीत धरू नये.

साउंडवाला, मुक्काम अंधेरी

मूळचा सिन्नरचा. पुण्यातूनच ध्वनी शिकलो आणि गेली अठरा वर्षे मुंबईत चित्रपट व मालिकांसाठी ध्वनिमुद्रण करतो. मी सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही, पण पहिली पोस्ट तीनदा वाचली.

ताई, तुम्ही तुमच्या लघुपटाविषयी लिहिताना दृश्यांवर एक वाक्य खर्च केले आहे, ‘बरी आली’, आणि ते संपले. उरलेला सगळा परिच्छेद आवाजाचा आहे. पायऱ्यांवरचे पाणी आणि पुलाखालचे पाणी वेगळे असते, हे तुम्हाला कोणी सांगितले? आमच्या वर्गात पहिल्या वर्षी हे कानात उतरायला काही महिने लागले होते. चादरींचे तर त्याहून पुढचे. उघड्या घाटावर भिंती नसतात, त्यामुळे बोललेला शब्द कशावरही आपटून परत येत नाही. बंद खोलीत घेतलेला आवाज घाटाच्या चित्रावर लावला तर प्रेक्षकाला काय खटकते ते सांगता येत नाही, पण माणूस तिथे उभा नाही हे त्याला कळते. तुम्ही चादरी टाकून त्या खोलीच्या भिंतीच काढून टाकल्यात. कोणीही न शिकवता.

फिल्म शाखेतील ध्वनीच्या विषयासाठी पदवीबरोबर बारावीला भौतिकशास्त्र असण्याची अट वर्षानुवर्षे माहितीपत्रकात असते. यंदाचे माहितीपत्रक नीट पाहून घ्या. दिग्दर्शनाला कोणत्याही शाखेचे पदवीधर येतात, त्यामुळे अर्जांची गर्दी तिथे सर्वाधिक होते. ध्वनीकडे मुली तर फारच कमी वळतात. हे मी तुम्हाला सोपी वाट म्हणून सांगत नाही. मुलाखतीत तासभर नुसते ऐकवतात आणि काय ऐकू आले ते विचारतात, अशी निदान आमच्या वेळची पद्धत होती, आणि तिथे पाठांतर चालत नाही.

संस्था कोणती हा प्रश्न तुम्ही विषयाच्या आधी सोडवायला निघाला आहात, एवढेच माझे म्हणणे आहे. मुंबईतल्या त्या संस्थेत सगळे दिग्दर्शनालाच बसलेले असतील, तर लघुपटाच्या दिवशी कॅमेरा आणि माइक कोण धरणार? बाहेरून पैसे देऊन माणसे आणावी लागतात किंवा मित्र नाइलाजाने बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरून उभा राहतो. पुण्यात आणि कोलकात्यात प्रत्येक विभागाचा एकेक विद्यार्थी मिळून युनिट बनते. माझ्या आयुष्यातील सगळ्यांत मोठी भांडणे त्या युनिटमध्ये झाली, आणि आज मला काम देणारे तीन दिग्दर्शक त्याच भांडणांतले आहेत.

द्राक्षबाग (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. वर्गातून यांची माहिती मी छापून वडिलांना वाचायला दिली.

साउंडवाले दादा, तुमचे लिहिणे वाचून आनंद झाला आणि थोडा रागही आला, हे प्रामाणिकपणे सांगते. मला गोष्ट सांगायची आहे. ध्वनी शिकले तर मी जन्मभर दुसऱ्याच्या गोष्टीचा आवाज घेत राहीन, आणि नातेवाईक विचारतील तेव्हा आईला ‘ती सिनेमात माइक धरते’ असे सांगावे लागेल. मुलगी दिग्दर्शक आहे म्हटल्यावर लोक निदान गप्प बसतात. आणि दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्याला सगळेच विषय थोडे थोडे शिकवतात ना?

साउंडवाला, मुक्काम अंधेरी

राग योग्य आहे. माझी आई अजूनही मी ‘रेडिओत’ आहे असे सांगते.

थोडे थोडे सगळ्यांनाच शिकवतात. पुण्यात पहिले सत्र सर्व विभागांना बरेचसे एकत्रच असते, त्यामुळे ध्वनीचा विद्यार्थीही कॅमेरा हाताळतो आणि लिहितो. ध्वनी घेऊन दिग्दर्शनाची दारे बंद होत नाहीत. सुमित्रा भावे तर समाजशास्त्रीय संशोधन करता करता चाळिशीनंतर चित्रपटाकडे आल्या आणि कोणत्याही फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये न शिकता पस्तीस वर्षे चित्रपट करत राहिल्या. गोष्ट सांगण्याची परवानगी प्रमाणपत्रावर छापून येत नाही. पोटापाण्याचे मात्र वेगळे आहे. नवा दिग्दर्शक पहिल्या चित्रपटासाठी किती वर्षे दारोदार फिरेल याचा नेम नसतो, आणि चांगला ध्वनिमुद्रक शिक्षण संपल्याच्या महिन्यात कामाला लागतो. रसूल पूकुट्टी यांना २००९ मध्ये ध्वनीसाठी ऑस्कर मिळाल्यापासून निदान ‘हे काय काम असते’ असे निर्माते विचारत नाहीत.

दिग्दर्शनच हवे असेल तर ते जरूर घ्या. फक्त एक प्रयोग करा. आठ दिवस कॅमेरा कपाटात ठेवा, रेकॉर्डर घेऊन घरच्या बागेत फिरा, आणि पाच मिनिटांची गोष्ट नुसत्या आवाजात बांधा. निवेदन नको, संगीत नको. कंटाळा आला तर दिग्दर्शनाचा अर्ज भरा आणि मला विसरा. माइकवर वारा अडवणारी ती केसाळ टोपी तेवढी घाला, रामकुंडावरची चूक परत नको.

लग्नाचा कॅमेरा

फाळक्यांबद्दल रंगपेटींचे म्हणणे मान्य. केसाळ टोपी माझ्याकडे दोन आहेत, एक घेऊन जावी. दुकान शालिमारला आहे, निरोप पाठवल्यास पत्ता कळवतो. हळदीच्या चित्रीकरणात तशीही ती कोणी वापरत नाही, डीजेपुढे वाऱ्याची काय कथा.

एक पालक, इंदिरानगर

हप्त्याची तारीख जवळ आली असेल. संस्थेने लेखी उत्तरे दिली का?

द्राक्षबाग (धागाकर्ती)

काका, मी आठ प्रश्न पाठवले होते. दोनांची उत्तरे आली, उरलेल्या सहांसाठी ‘प्रत्यक्ष भेटीत बोलू’ असे कळवले. खर्च कोणाचा आणि हक्क कोणाचा, हे त्या सहांमध्ये होते. तारीख काल उलटून गेली आणि आम्ही हप्ता भरला नाही. पुण्याला एम.ए.चा अर्ज भरला आहे, म्हणजे वर्ष मोकळे जाणार नाही, आणि दोन्ही संस्थांच्या परीक्षांची तयारी तिथे राहूनच करीन. रंगपेटी काका, बुधवारपासून एका संघाच्या तालमीला जाते आहे. चहाचे पैसे आतापर्यंत चारदा दिले. दिग्दर्शन की ध्वनी हे अजून ठरलेले नाही, आणि अर्ज भरण्याच्या दिवसापर्यंत ठरवायचे नाही असे ठरवले आहे.

प्रयोग केला. पाच मिनिटांची गोष्ट साडेतीन मिनिटांची झाली. पहाटे बागेत ठिबकच्या नळीतून पडणारे थेंब, मग गड्यांची सायकल, मग ट्रॅक्टरला जोडलेला फवारणीचा ब्लोअर ओळीच्या त्या टोकाला सुरू होऊन हळूहळू जवळ येतो आणि पुढे जातो, एवढेच आहे. काल रात्री जेवणानंतर वडिलांच्या कानाला हेडफोन लावले. ते चित्रपट बघतानासुद्धा पाच मिनिटांत उठतात, म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहात बसले होते. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकले, मग ब्लोअरची जागा पुन्हा लावायला सांगितली, आणि पुन्हा एकदा. हेडफोन काढून म्हणाले, हा आपला ट्रॅक्टर नाही, शेजारच्यांचा आहे, आणि त्याचे डाव्या बाजूचे एक नोझल चोंदलेले आहे. मी म्हटले, बाबा, आवाजावरून? ते काही बोलले नाहीत, त्यांनी शेजारच्या काकांना फोन लावला. आज सकाळी काकांनी नोझल उघडून पाहिले. चोंदलेलेच होते.